आमच्याकडे देशी कापूस नाही

मित्रांनो, मी एक वेबसाइट आहे आणि आम्हा वेबसाइटींच्या मानाने चांगली म्हातारी आहे. माझ्या बरोबरीच्या कितीतरी साइट आज उघडतच नाहीत. कुणाचे वर्षाचे नूतनीकरण राहून गेले, कुणाचा मालक पासवर्ड विसरला, कुणाला नवीन साइट आली म्हणून अडगळीत टाकले. मी मात्र अजून उघडते, पटकन उघडते, आणि उघडल्यावर जे सांगते ते खरे असते. हे शेवटचे मी छाती फुगवून सांगते खरी, पण ते मला आयते मिळालेले नाही. त्याचीच हकीकत ऐका.

माझे सामान दूर कुठल्याशा थंड खोलीतल्या यंत्रांत ठेवले आहे म्हणतात. ते ठिकाण मी पाहिलेले नाही. मला कुणी गाव विचारले तर मी मलकापूर सांगते, कारण माझा जन्म तिथला. स्टेशनकडून बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर शकूरभाईंचे गादीचे दुकान आहे. शकूरभाई जातीचे पिंजारी. त्यांचे वडील खांद्यावर पिंजण्याची धनुकली घेऊन खेडोपाडी फिरत, दारात बसून दबलेला कापूस पिंजून फुलवून देत. शकूरभाईंनी विजेवर चालणारे पिंजण्याचे मशीन घेतले आणि दुकान थाटले. ते मशीन सुरू झाले की अर्ध्या रस्त्याला बोलणे ऐकू येत नसे. शकूरभाईंना मात्र त्या आवाजातच करमे.

त्यांची मुलगी ताहेरा. कॉलेज करता करता तिने कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि परीक्षेसाठी एक वेबसाइट बनवायची होती ती बापाच्या दुकानाची बनवली. तीच मी. जन्मतः मी काय थाटात होते म्हणून सांगू! माझ्या माथ्यावर गुलाबाची फुले होती, त्याखाली अक्षरे उजवीकडून डावीकडे पळत होती आणि मजकूर असा की, ‘आमचे येथे सर्व प्रकारच्या गाद्या, उशा व रजया माफक दरात तयार करून मिळतील.’ गाद्यांच्या दुकानात गुलाब कशाला, हे मला आजही कळलेले नाही. पण तेव्हा मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

ताहेराने मला फोनवर उघडून बापाला दाखवले. घरात बापलेकी उर्दूच्या वळणाचे बोलतात आणि दुकानात वऱ्हाडी. ताहेराचा फोन गल्ल्याशेजारी पडलेला असायचा, त्यामुळे दुकानातले सगळे मला ऐकू येई.

“दुकान तं हे समोर हाये,” शकूरभाई म्हणाले, “आता फोनमंधी आनखी काऊन मांडून राह्यली?”

“अब्बा, इथलं दुकान रस्त्यानं जानाऱ्याले दिसते. हे साऱ्या दुनियेले दिसन.”

“दिसन बाप्पा. पन दुनियेले सांगनार कोन, का मलकापुरात शकूरचं दुकान हाये म्हनून?”

मला त्यांचा राग आला होता. पण म्हातारपणी कबूल करते, प्रश्न अगदी बरोबर होता. पुढची कित्येक वर्षे माझ्याकडे रोज नेमाने येणारी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे ताहेरा. किती लोक आले हे पाहायला ती यायची आणि तिचाच आकडा वाढायचा.

दरम्यान दुनिया बदलत होती. फोमच्या गाद्या आल्या, गुंडाळून खोक्यात घालून घरपोच येऊ लागल्या. जुनी गादी पुन्हा पिंजून घेणारे लोक कमी झाले. इकडे शिवारात जिकडे पाहावे तिकडे बीटी कापूस. आधी देशी वाणाचा कापूस होता, आखूड धाग्याचा आणि जरा खरबरीत. गिरण्यांना तो नकोसा, पण गादीला त्याच्यासारखा दुसरा नाही. हाताने दाबला की पुन्हा वर येतो. बीटीचा कापूस मऊ, लांब धाग्याचा, दिसायला देखणा; गादीत भरला की थोड्याच दिवसांत बसतो. शकूरभाई तोच वापरत होते. दुसरा मिळतच नव्हता.

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे, त्या वर्षी गुलाबी बोंडअळीने बीटीची बोंडे आतून खाल्ली. गावांकडच्या लोकांनी नव्या रजया शिवायचे पुढे ढकलले आणि दुकानात माशी फिरकेना. खामगावकडचे रंगराव नावाचे गृहस्थ जुनी मशिने विकत घेत. ते येऊन पिंजण्याच्या मशीनभोवती चक्कर मारून गेले. शकूरभाई त्यांना नाही म्हणाले नाहीत. “या हिवाळ्यात काम आलं तं ठीक,” ते म्हणाले, “नाई तं संक्रांतीनंतर टेम्पो घेऊन या.”

 रंगराव गेल्यावर ताहेराने दुकानाचे शटर खाली ओढले, फोन उचलला आणि चिन्मयला बोलावले.

चिन्मय म्हणजे तिच्या शाळेतल्या पद्मजाबाईंचा मुलगा. पुण्यात ऑनलाइन मार्केटिंगचे काम शिकून घरी परतला होता आणि खोलीत बसून मोठमोठ्या कंपन्यांच्या साइट चालवायचा. ताहेरा लहानपणी पद्मजाबाईंकडे शिकवणीला जायची, तेव्हापासूनची ओळख. त्याने मला उघडले आणि तो इतका हसला की मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

“ताहेराताई, हे गुलाब कुणी लावले?”

“मीच लावले. तू काम कर नं बे.”

त्याने माझे गुलाब उपटले, पळती अक्षरे थांबवली आणि मला साधे, स्वच्छ कपडे घातले. मग एकेक साधन जोडू लागला. गूगलच्या नकाशावर दुकान नोंदवले, म्हणजे ‘जवळचे गादीवाले’ शोधणाऱ्याला आमचे नाव दिसावे. माझ्या कोपऱ्यात व्हॉट्सअॅपचे हिरवे बटण बसवले. शकूरभाई रजईला टाके घालतानाचे छोटे व्हिडिओ काढले आणि त्याखाली माझा पत्ता दिला. किती जण आले, कुठून आले, किती वेळ थांबले, हे दाखवणारा एक तक्ता मागे लावला. मी प्रथमच स्वतःला आकड्यांत पाहिले आणि खरे सांगते, लाजले.

एकदा त्याने विकतची गर्दी आणून पाहिली. असे पाहुणे बाजारात मिळतात, तुम्हाला माहीत आहे? एका दिवसात माझ्या दारात ही झुंबड उडाली. मी हरखून गेले. पण एकही पाहुणा आत येईना. दार उघडायचे आणि तोंड फिरवून पळायचे. त्यांत माणूस एकही नव्हता, सगळी यंत्रे होती. चिन्मयने कपाळावर हात मारला आणि तो नाद सोडला.

शेवटी त्याने एक वेगळेच साधन उघडले. लोक गूगलवर नेमके काय शोधतात, ते हे साधन सांगते. ‘गादी व रजई उत्पादक’ असे कुणी शोधत नव्हते. लोक शोधत होते, ‘देशी कापसाची गादी’. मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, सगळीकडून तेच. कुणाची पाठ दुखत होती, कुणाला आजोळची गादी आठवत होती.

“सापडलं!” चिन्मय म्हणाला. “मोठ्या अक्षरांत लिहून टाका, शंभर टक्के देशी कापूस.”

“पन आपल्याकडं देशी नाई,” ताहेरा म्हणाली.

“कापूस या मातीतलाच आहे ना? मग देशीच. सगळे असंच लिहितात.”

ताहेरा बोटाने गल्ल्याची कड घासत बसली. समोर मशीन कापडाने झाकलेले होते. मग तिने लिहिले. मित्रांनो, त्या ओळीने माझे नशीब पालटले. पंधरवड्यात मी गूगलच्या पहिल्या पानावर होते. दिवसभर माझे दार वाजत होते, हिरव्या बटणावर निरोप येत होते, शकूरभाईंचे मशीन पुन्हा गर्जू लागले होते. शकूरभाई फोन वापरत नसत. गिऱ्हाईक कशाने वाढले हे त्यांनी विचारले, तेव्हा ताहेरा म्हणाली, “साइटनं.” त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. तेवढ्याने मी फुगून बसले. माझ्या अंगावर काय लिहिले आहे, याचा विचार मी मनात येऊच दिला नाही.

अशा भरात असताना एका सकाळी अन्नपूर्णाबाई आल्या. नाशिकच्या निवृत्त शिक्षिका, मुलीच्या बाळंतपणासाठी अकोल्याला निघालेल्या. बाळासाठी रजई घ्यायची म्हणून मुद्दाम मलकापूरला गाडीतून उतरल्या होत्या. ताहेरा बँकेत गेली होती, फोन गल्ल्यावरच राहिला होता. शकूरभाईंनी लहानशी रजई पुढे ठेवली. त्यांची एक पद्धत आहे. रजई शिवून झाली तरी एक कोपरा ते उघडा ठेवतात. गिऱ्हाइकाने आत हात घालून कापूस पाहायचा, मगच शेवटचे टाके पडायचे. वडिलांच्या वेळेपासूनची रीत.

बाईंनी कोपऱ्यातून कापूस चिमटीत घेतला. “किती मऊ आहे हो! देशी कापूस हा असा असतो होय?”

“देशी नोय बाई,” शकूरभाई सुई ओवता ओवता म्हणाले. “देशी आता भेटते कुठं? हा बीटीचा हाये. चांगला हाये, पन देशी नाई.”

अन्नपूर्णाबाईंनी आपला फोन काढला, मला उघडले आणि त्यांच्यापुढे धरले. “मग हे काय?”

शकूरभाईंना मराठी वाचता येते, पण सावकाश. त्यांनी माझ्या त्या ओळीवर बोट ठेवले आणि एकेक अक्षर जुळवत वाचले. शंभर. टक्के. देशी. आजवर माझ्यावर हजारो बोटे फिरली असतील, पण त्या बोटाखाली मला मरणप्राय झाले. काचेवरून निसटून पळून जावे असे वाटले.

“तुम्ही खरं बोललात, शकूरभाई,” बाई म्हणाल्या. “पण मी तुमच्या बोलण्यावर नाही, या ओळीवर गाडीतून उतरले होते.” त्यांनी रजई घडी करून परत ठेवली आणि पुढची गाडी पकडायला निघून गेल्या. शकूरभाई उघडा कोपरा हातात धरून तसेच बसले.

ताहेरा आली. बापाचा चेहरा पाहून तिने विचारलेच नाही, तिला समजले.

“हे तू लिवलं?”

“हाव, अब्बा.”

“काऊन?”

“लोक हेच शोधतात म्हनून. मशीन जाऊ नये म्हनून.” तिने मशीनकडे हात केला. “नाई लिवलं तं संक्रांतीले रंगराव टेम्पो घेऊन येतीन. मंग काय करसान तुमी? कोन्या जिनिंग मिलवर वॉचमन होसान?”

“होईन,” शकूरभाई म्हणाले. “मी इथं कोपरा उघडा ठेवून बसतो, आन् माही पोरगी तिथं झाकून ठेवते. असं कसं चालन, माय?”

ताहेरा रडली, मी सांगते तुम्हाला, अगदी हमसून रडली. मग डोळे पुसून तिने स्वतःच्या हाताने ती ओळ काढली. त्या ओळीवर ज्यांनी ज्यांनी माल घेतला होता, त्या सगळ्यांना शकूरभाईंनी तिच्याकडून फोन लावून घेतले आणि स्वतः बोलले. कापूस बीटीचा आहे, चूक आमची आहे, गादी परत घ्यायला तयार आहोत. कुणी चिडले, कुणी परत पाठवली, कुणी म्हणाले राहू द्या, चांगली आहे.

त्या संध्याकाळी शकूरभाई सांगत गेले आणि ताहेरा लिहीत गेली. माझ्या माथ्यावर नवे शब्द आले, ‘आमच्याकडे देशी कापूस नाही.’ खाली बीटीचा कापूस गादीत कसा बसतो, त्याला ऊन कसे दाखवावे, तो पुन्हा पिंजायला कधी आणावा, देशी कापूस हाताला कसा लागतो, हे सगळे त्यांनी दुकानात बायामाणसांना सांगतात तसेच सांगितले. शेवटी एक ओळ, ‘कुणाकडे घरचा देशी कापूस असेल तर घेऊन या, पिंजून देऊ.’ पूर्वी लोक तसाच घरचा कापूस आणत.

चिन्मयने ते वाचले आणि डोके धरले. “ताहेराताई, दुकानाच्या पाटीवर ‘नाही’ कोण लिहितं?”

“आमी लिवतो,” ताहेरा म्हणाली.

त्याच्या तक्त्यावरची रेघ खाली आली आणि जमिनीला टेकली. मशीन पुन्हा थंड पडले. पण मित्रांनो, एक गंमत सांगते. इतके दिवस मी गर्दीत मिरवत होते, तेव्हा आतून कुठेतरी दचकत असे. आता दारात कुणी नव्हते आणि मी ताठ उभी होते.

काही दिवसांनी चिन्मय तक्ता पाहता पाहता थबकला. येणारे थोडे होते, पण आलेला माणूस पळत नव्हता. शेवटच्या ओळीपर्यंत वाचत होता, दुसऱ्याला पाठवत होता. ‘देशी कापूस’ शोधणाऱ्यांना इतर सगळे ‘आहे आहे’ ओरडताना दिसत, त्यांत एकच साइट ‘नाही’ म्हणायची. लोक नवलाने का होईना, थांबत. आणि जिथे लोक थांबतात ती साइट गूगल यादीत वर आणते. मी हळूहळू पुन्हा वर येऊ लागले. चिन्मय मोकळ्या मनाचा. त्याने सरळ कान पकडले आणि ते पान आणखी लोकांपर्यंत जावे म्हणून फुकटात जाहिरात लावून दिली. जिल्ह्यातल्या सगळ्या तालुक्यांत ती दिसू लागली.

आणि मग तो फोन आला. बोलणारा माणूस लोणार तालुक्यातल्या बीबी गावचा, नाव निवृत्ती.

“ते देशी कापूस नाही लिव्हलेलं तुमीच का?” त्याने विचारले.

“हाव. नाईच हाये,” ताहेरा जरा सावध होऊन म्हणाली.

“मग माह्याकडं हाय की! खडकाळ बरडाच्या तुकड्यावर दरसाल लावतो. बाप लावायचा म्हणून. लवकर फुटतो, अळी यायच्या आत घरी आला बघा. पण बाजारात नेला की व्यापारी हसतेत, म्हणतेत आखूड धागा, घेऊन जा माघारी. सुनेनं मोबाइलवर तुमचं वाचून दाखवलं. पिंजून देता का?”

ताहेराने फोन बापाच्या कानाला लावला. शकूरभाई उभे राहिले. “पिंजून तं देतोच,” ते म्हणाले, “पन विकता का, भाऊ?”

निवृत्ती भाड्याच्या पिकअपमध्ये कापसाच्या बोंदऱ्या, म्हणजे मोठाली पोती, घालून स्वतः आला. सरकी काढायला एका छोट्या जिनिंगवाल्याची मनधरणी करावी लागली, कारण थोड्या मालासाठी मशीन साफ करायला कुणी तयार नव्हते. अखेर देशी रुई दुकानात आली. शकूरभाईंनी मशीन सुरू केले, पिंजलेला ढीग हाताने दाबला आणि हात काढला. कापूस वर आला. त्यांनी पुन्हा दाबला, पुन्हा वर आला. निवृत्तीकडे पाहून ते लहान मुलासारखे हसत होते. ज्याला बाजारात कुणी विचारले नाही, त्या कापसाला मानाने विचारणारा माणूस भेटला म्हणून निवृत्तीचेही डोळे भरले होते. आणि त्या दोघांची गाठ घालून देणारी मी होते! आता सांगा, मी मिरवू नको तर काय करू?

ताहेरा लगेच मथळा बदलायला बसली.

“जितका हाये तितकाच लिव,” शकूरभाई म्हणाले.

तिने लिहिले, ‘देशी कापूस आहे. बीबीच्या निवृत्तीभाऊंच्या शेतातला. थोडाच आहे.’ शेजारी निवृत्तीचा फोटो लावला आणि गादीच्या उघड्या कोपऱ्यातून शकूरभाई कापूस दाखवतानाचा व्हिडिओ. त्यानंतर जे झाले ते चिन्मयच्या कुठल्याही साधनाने आधी कधी दाखवले नव्हते. या वेळी दारातली गर्दी खऱ्या माणसांची होती. दुकानात दिवसभर मशीन गर्जत राही आणि गल्ल्यावर बसलेल्या ताहेराला फोनवर ओरडून बोलावे लागे.

संक्रांत झाली. माझ्या तक्त्यावरची रेघ कधी नव्हती इतकी उंच गेली होती, आणि नेमकी तेव्हा देशी रुईची शेवटची बोंदरी रिकामी झाली. चिन्मय चुळबुळत म्हणाला, “ताई, आज बंद केलं तर एवढे आलेले लोक परत जातील. अर्धा बीटी मिसळला तर...” आणि ताहेराच्या नजरेला नजर मिळताच त्याने स्वतःच जीभ चावली.

ताहेराने फोन हातात घेतला. इतक्या लोकांच्या देखत, माझ्या सर्वांत मोठ्या दिवशी, तिने माझ्या माथ्यावर लिहिले, ‘देशी कापूस संपला. आता पुढच्या हंगामात.’ तिचे बोट जराही अडखळले नाही. माझ्या आयुष्यातली सर्वांत देखणी ओळ तीच, असे मी मानते.

दुपारी दारात टेम्पो थांबला. रंगराव उतरले, त्यांच्या हातात फोन होता आणि फोनवर मी. “संपला म्हनून वाचलं,” ते मशीनकडे हात करून म्हणाले. “मंग उचलू का?”

“कापूस संपला, रंगराव,” शकूरभाई म्हणाले. “धंदा नाई संपला. बसा, चहा घ्या.”

मित्रांनो, पुढच्या पावसाळ्यात निवृत्तीने बरडाच्या तुकड्याशेजारचे वावरही देशीखाली घेतले. त्या कापसाची वाट पाहणारे लोक आजही मला उघडून बघतात, आला का म्हणून. आला नसेल तर मी ‘नाही’ म्हणते, आणि ते पुन्हा येतात. तुम्ही उद्या मोठे व्हाल, तुमच्याही दुकानांच्या, संस्थांच्या वेबसाइट काढाल. त्यांच्या दारात माणसे आणायला हवी ती साधने वापरा, मी त्यांच्याच जिवावर उभी आहे. पण साइट काढून तिला विसरू नका. तिच्याकडे रोज एकदा बघा, आणि काल खरे असलेले आज खरे उरले नसेल तर ते त्याच दिवशी पुसा. आम्हाला स्वतःला काही पुसता येत नाही, मित्रांनो. तुम्ही जे लिहाल ते घेऊन आम्हाला लोकांसमोर उभे राहावे लागते.